ढगात शिरून परत येणारं रॉकेट : किरणोत्सारी धुळीचे नमुने आणि वैमानिक

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

१ नोव्हेंबर १९५२. पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक प्रवाळद्वीपावर अमेरिकेने ‘माइक’ हा पहिला पूर्ण आकाराचा हायड्रोजन स्फोट केला. ताकद १०.४ मेगाटन, म्हणजे एक कोटी टनांहून जास्त टीएनटी स्फोटकाएवढी. ढगाचा माथा ३५ किलोमीटरच्याही वर गेला. त्यानंतर काही वेळाने एफ-८४ जातीची एकेका वैमानिकाची लढाऊ विमानं त्या ढगाच्या खोडाकडे निघाली. पंखांच्या टोकाच्या टाक्यांमध्ये गाळणकागद बसवलेले होते. ढगातून जायचं, कागदावर धूळ धरायची आणि परत यायचं, एवढंच काम. त्यातले एक वैमानिक, कॅप्टन जिमी रॉबिन्सन, परत आले नाहीत. इंधन संपलं, धावपट्टी गाठता आली नाही, विमान समुद्रात कोसळलं. त्यांचा देह कधीच मिळाला नाही.

त्याच मोहिमेतल्या कागदांवर आइन्स्टाइनियम हे ९९ क्रमांकाचं मूलद्रव्य सापडलं. युरेनियमच्या एकेका अणुकेंद्रकाने क्षणार्धात १५ न्यूट्रॉन गिळले आणि मग सात वेळा बीटा क्षय होऊन (दर वेळी केंद्रकातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होऊन) ते तयार झालं. पहिल्या तपासणीत हाती आलेले अणू २०० पेक्षाही कमी होते.

मी हे दोन परिच्छेद पहिल्यांदा एकापाठोपाठ वाचले तेव्हा एकच प्रश्न पडला, आणि त्यासाठीच हा धागा काढतोय. हे काम रॉकेटने का केलं नाही?

आधी नमुना लागतोच कशाला, ते थोडक्यात. स्फोट किती मोठा झाला हे दुरून प्रकाशावरून, धक्क्यावरून, भूकंपमापकावरून कळतं. पण बॉम्बच्या पोटात काय घडलं हे फक्त राखच सांगते. प्लुटोनियम किती उरलं आणि विखंडनातून, म्हणजे अणुकेंद्रक फुटून, निर्माण झालेली द्रव्यं किती, हे गुणोत्तर एका चिमटीतही तेच असतं. मूळ प्लुटोनियम किती होतं ते माहीत असेल तर त्या चिमटीवरून अख्खा स्फोट मोजता येतो. दुसऱ्या देशाचा स्फोट असेल तर राखेचं मोल आणखी वाढतं. २९ ऑगस्ट १९४९ ला सोव्हिएत संघाने सेमिपलातिन्स्कला गुपचूप चाचणी केली. ३ सप्टेंबरला जपानहून अलास्काकडे जाणाऱ्या अमेरिकन हवामान-विमानाच्या गाळणकागदावर तिची धूळ आली, आणि २३ सप्टेंबरला ट्रुमन यांनी ती जगाला सांगितली. एका कागदाने हे काम केलं.

आता रॉकेट. कागदावर ही कल्पना फार सरळ दिसते. नाकाच्या शंकूत तोंड उघडणारी नळी, आत गाळणी किंवा चिकट लेप दिलेला पृष्ठभाग. ढगात शिरताना झाकण उघडायचं, बाहेर पडताना घट्ट बंद करायचं, शंकू मागच्या भागापासून सुटा करायचा, पॅराशूटने समुद्रात उतरवायचा. तरंगायला फुगा, शोधायला रेडिओ संकेत आणि पाण्यात रंग सोडणारी पुडी. वैमानिक लागत नाही. वाटही पाहावी लागत नाही, आणि हा फायदा मोठा आहे. विखंडनाच्या राखेचा एक ढोबळ नियम आहे : वेळ सातपट झाली की किरणोत्सर्ग एक दशांश होतो. दहाव्या मिनिटाला ढगात जो मारा असतो तो सत्तराव्या मिनिटाला एक दशांशावर येतो. माणसाला थांबावंच लागतं, रॉकेटला नाही. शिवाय एफ-८४ ची मजल १२-१३ किलोमीटरपर्यंत. माइकचा खरा ढग त्याच्या कितीतरी वर होता. वैमानिक गेले ते खोडाच्या आणि खालच्या कडेच्या भागात.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९५६ च्या ‘रेडविंग’ मालिकेत एएसपी नावाची छोटी रॉकेटं ढगातून सोडली गेली, पण त्यात धूळ गोळा करणं नव्हतं. किरणोत्सर्ग मोजायचा आणि रेडिओने खाली कळवायचा, इतकंच. १९५८ च्या ‘हार्डटॅक’ मालिकेत विमानांच्या जोडीने रॉकेटने नमुने घेण्याचा स्वतंत्र प्रकल्पच होता. फ्रान्सनेही पॉलिनेशियातल्या चाचण्यांत व्हॉतूर विमानांबरोबर नमुने आणणारी रॉकेटं वापरली. तरीही वातावरणातल्या चाचण्यांच्या काळात अमेरिकेचा मुख्य भार विमानांवर आणि त्यातल्या माणसांवरच राहिला.

माझा अंदाज असा की रॉकेटला पुरेशी धूळ मिळत नसावी. ढगातून पाच-सहा सेकंदांत पार होणाऱ्या नळीत येऊन येऊन किती येणार? जाणकारांनी सांगावं.

---

सायंतारा

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. नेवाडातल्या चाचण्यांच्या फोटोंत छत्रीच्या ढगाशेजारी धुराच्या उभ्या रेघा दिसतात. तीच ही रॉकेटं का?

ध्रुवमत्स्य

नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा होतो. ती धूर सोडणारी रॉकेटं स्फोटाच्या जरा आधी उडवत. धक्कालहर पुढे सरकताना मागची धुराची रेघ मोडलेली, सरकलेली दिसते आणि तिच्यावरून लहर कुठे पोहोचली ते फोटोत मोजता येतं. धूळ गोळा करण्याशी त्यांचा संबंध नाही.

तिसरा_मजला

मूळ लेखातल्या शेवटच्या अंदाजाशी सहमत. साधा हिशोब बघा. नळीचं तोंड १० सेंटीमीटर व्यासाचं धरलं तर क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटीमीटर. ढगातला प्रवास ५ किलोमीटर. म्हणजे गाळलेली हवा सुमारे ४० घनमीटर. वेग दुप्पट केला तरी आकडा बदलत नाही, कारण हवा मोजायची ती मार्गाच्या लांबीवर, वेगावर नाही. आता विमान : तोंड ०.१ चौरस मीटर, वेग सेकंदाला २०० मीटर, ढगात पाच मिनिटं. ६,००० घनमीटर. दीडशेपट फरक आहे. इथेच विषय संपतो असं माझं मत.

गणितवेडा

विषय संपत नाही. घनमीटर कमी आहेत हे खरं, पण त्या ४० घनमीटरमध्ये काय आहे ते पाहायला हवं.

१० किलोटनचा विखंडन स्फोट घ्या. एका किलोटनला १.४५ गुणिले १० चा २३वा घात इतकी विखंडनं, म्हणून इथे १.४५ गुणिले १० चा २४वा घात. सुरुवातीचा ढग ३ किलोमीटर व्यासाचा गोळा मानला तर आकारमान सुमारे १४ घन किलोमीटर. सगळी राख त्यात सारखी पसरली असं समजलं तर दर घनमीटरला १० चा १४वा घात इतक्या विखंडनांची राख. ढग ३ किलोमीटरचा, तेव्हा तुमचे ४० घनमीटर मिळवायला नळीचं तोंड थोडं मोठं, १३ सेंटीमीटर करावं लागेल, ते करू. म्हणजे हाती ४ गुणिले १० चा १५वा घात.

त्यात मॉलिब्डेनम-९९ बघू, कारण विखंडनं मोजायला तेच सोयीचं. शंभर विखंडनांत ते सुमारे ६ वेळा बनतं, अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा वेळ) ६६ तास. गुणाकार केला की दर सेकंदाला सुमारे ७० कोटी विघटनं येतात. एका समस्थानिकाची! प्रयोगशाळेला याच्या लाखाव्या हिश्शातही काम भागवता येईल. प्लुटोनियमचंही तसंच. बॉम्बमध्ये ६ किलो उरलं असं धरा, तुमच्या नळीत सुमारे १७ मायक्रोग्रॅम येईल. रसायनतज्ज्ञाला ते भरपूर आहे.

तेव्हा ‘पुरेशी धूळ मिळत नाही’ हे कारण ताज्या ढगाला लागू पडत नाही. ढग शेकडो किलोमीटर पसरल्यावर, आठवड्या-महिन्यांनी, ते खरं ठरतं.

तिसरा_मजला

हे मान्य. मी नुसत्या हवेकडे बघत होतो. आइन्स्टाइनियमसारख्या दुर्मिळ गोष्टीला मात्र तुमचा हिशोब पुरणार नाही. दोनशे अणूंचा दीडशेवा भाग म्हणजे एक.

गणितवेडा

हो, तिथे तुमचं बरोबर आहे. म्हणूनच पुढे जास्त आइन्स्टाइनियम मिळवायला त्यांना जवळच्या बेटावरचं शेकडो किलो प्रवाळ उपसून त्यावर प्रक्रिया करावी लागली.

रानजाई

मी हवेतल्या धुळीचे नमुने घेण्याच्या क्षेत्रात काम करते. किरणोत्साराशी संबंध नाही, साधी कारखान्यांतली धूळ. पण आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात तो धडा इथे कुणी काढला नाही म्हणून लिहिते.

किती धूळ आली याहून कुठली धूळ आली हे महत्त्वाचं. नळीच्या तोंडाशी हवा ज्या वेगाने येते त्याच वेगाने ती आत गेली पाहिजे. आत कमी जात असेल तर उरलेली हवा तोंडाला वळसा घालून निसटते. बारीक कण हवेबरोबर निसटतात. जड कण वळू शकत नाहीत, सरळ आत शिरतात. म्हणजे गाळणीवर मोठे कण प्रमाणाबाहेर जास्त. चिमणीत नळी लावतानासुद्धा आम्ही हे जिवापाड सांभाळतो, आणि तिथे हवेचा वेग सेकंदाला दहा-पंधरा मीटर असतो.

रॉकेट ध्वनीच्या दुप्पट-तिप्पट वेगाने जातं. गाळणीतून तितकी हवा पार होत नसेल तर नळीच्या पुढ्यात धक्कालहर उभी राहते आणि हवा बाजूला फेकली जाते. त्यात बारीक कणांचं काय होत असेल याची मला चांगलीच कल्पना आहे.

आता प्रश्न असा की या ढगात बारीक आणि मोठ्या कणांची राख एकसारखी असते का? हे इथल्या कुणाला माहीत असेल तर सांगा.

गणितवेडा

रानजाई, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. एकसारखी नसते, आणि या क्षेत्रातली सगळ्यात मोठी डोकेदुखी तीच आहे.

अग्निगोल थंड होताना जी द्रव्यं उच्च तापमानालाच घट्ट होतात, उदाहरणार्थ झिर्कोनियम-९५, ती आधी वितळलेल्या माती-प्रवाळाच्या थेंबांत शिरतात आणि मोठ्या कणांच्या पोटात अडकतात. जी द्रव्यं उशिरापर्यंत वायुरूप असतात ती नंतर बारीक कणांच्या पृष्ठभागावर बसतात. स्ट्रॉन्शियम-९० आणि सीझियम-१३७ तर त्या वेळी अजून जन्मायचेच असतात. स्ट्रॉन्शियम-९० चा पूर्वज क्रिप्टॉन-९०, अर्धायुष्य सुमारे अर्धा मिनिट. सीझियम-१३७ चा पूर्वज झेनॉन-१३७, पावणेचार-चार मिनिटं. दोन्ही वायू. ते कशालाच चिकटत नाहीत. त्यांची मुलं जन्मतात तोवर मोठे कण खाली पडायला लागलेले असतात.

म्हणजे मोठ्या कणांच्या नमुन्यात झिर्कोनियम जास्त, सीझियम कमी, आणि बारीक कणांत उलट. तुमची नळी पक्षपाती असेल तर तुम्ही मोजलेलं गुणोत्तर बॉम्बचं नाही, नळीचं.

ध्रुवमत्स्य

माझा मूळ अंदाज चुकला हे मोकळेपणाने मान्य करतो. धूळ पुरत होती, ती खरी असेलच याची हमी नव्हती.

यात उष्णतेचाही भाग आहे. स्थितांबराच्या (स्ट्रॅटोस्फिअरच्या) तळाशी हवा उणे ५६ अंश असते. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या नळीत ती थांबवली की तापमान सुमारे ११८ अंश होतं. तिप्पट वेगाला सुमारे ३३५ अंश. विमानात वापरतात तो कागद इतक्या उष्णतेत करपेल, आणि करपला नाही तरी त्यावरचं आयोडीन उडून जाईल. मग धातूची जाळी किंवा काचतंतूंची गाळणी वापरावी लागते, किंवा नळीत शिरल्यावर हवेचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. शिखराजवळ रॉकेट मंदावतं तिथे ढग गाठणं हा एक उपाय, पण मग प्रत्येक उड्डाणाचं गणित ढगाच्या उंचीशी जुळवायचं, आणि ती उंची स्फोट झाल्यावरच कळते.

कोऱ्या_वहीतून

चर्चा सुंदर चालली आहे. मी तांत्रिक नाही, तरी एक आठवण करून द्यावीशी वाटते. १ मार्च १९५४ च्या ‘ब्राव्हो’ स्फोटानंतर ज्या जपानी मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली, तिच्यावर २३ खलाशी होते. त्यांच्यापैकी आइकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला गेले. बोटीवरची ती राख जपानी शास्त्रज्ञ केंजिरो किमुरा यांच्या चमूने तपासली आणि तीत युरेनियम-२३७ सापडलं. त्यावरून बाहेरच्या जगाला अंदाज आला की बॉम्बच्या आवरणातलं साधं युरेनियमही फुटलं होतं. अमेरिकेने जे गुपित ठेवलं होतं ते त्या बोटीवरच्या राखेत उघड पडलं होतं. त्या खलाशांनी तो नमुना मागितला नव्हता, आणि त्यांना ढगातून कुणी सावधपणे नेलंही नव्हतं.

ध्रुवमत्स्य

हे इथे आणलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी ते मूळ लेखात घ्यायला हवं होतं.

तिसरा_मजला

आता दुसरी बाजू. विमान जिथे पोहोचतच नाही तिथे काय? १९५८ च्या ऑगस्टमधले ‘टीक’ आणि ‘ऑरेंज’, अनुक्रमे सुमारे ७६ आणि ४३ किलोमीटरवर. १९६२ चा ‘स्टारफिश प्राइम’ ४०० किलोमीटरवर. त्यांची राख वर मध्यांबरात (मेसोस्फिअरमध्ये) आणि त्याच्याही पलीकडे होती. तिथे रॉकेटशिवाय पर्याय नाही.

गणितवेडा

तिथे लोकांनी एक फार हुशार युक्ती केली होती. ‘ऑरेंज’मधून ऱ्होडियम-१०२ आणि ‘स्टारफिश’मधून कॅडमियम-१०९ ही ओळखखूण वातावरणात गेली. मग वर जाऊन धरायचं नाही, ती राख आपोआप खाली उतरेपर्यंत थांबायचं आणि खूप उंचावरून उडणाऱ्या यू-२ विमानांनी सुमारे २० किलोमीटरवर, बलूननी ३० च्या वर तिची वाट पाहायची. खूण दिसली की कळतं, ही हवा कुठून आणि किती काळाने उतरली.

१९६४ च्या एप्रिलमध्ये स्नॅप-९ए हा अणुऊर्जेवरचा वीजसंच घेऊन जाणारा उपग्रह कक्षेत पोहोचला नाही आणि सुमारे एक किलो प्लुटोनियम-२३८ वर जळून विखुरलं, तेव्हाही ते चार महिन्यांनी ३३ किलोमीटरवर बलूनलाच सापडलं. रॉकेटला नाही. बलून हळू वर जातो, तासन्‌तास हवा ओढतो, धक्कालहर नाही, उष्णता नाही. रानजाईंना आवडेल असा नमुना.

रानजाई

आवडेलच!

पाणकावळा

उशिरा आलो, पण परत मिळवण्याच्या भागावर कुणीच बोललं नाही, आणि माझ्या मते अर्धी लढाई तिथेच आहे. मी समुद्रात उपकरणं सोडण्या-उचलण्याचं काम बरीच वर्षं केलंय.

पाण्यात आदळणारा शंकू बाहेरून कितीही मजबूत असला तरी झाकणाची कड ही त्याची दुबळी जागा. खारं पाणी थेंबभर आत गेलं की गाळणीवरचं विद्राव्य द्रव्य, सीझियम पहिलं, धुऊन निघतं. शिवाय तो शंकू ज्या समुद्रात पडतो त्यावर त्याच स्फोटाची राख पडत असते. आतली धूळ आणि बाहेरून चिकटलेली धूळ वेगळी ठेवायची म्हणजे झाकण दोनदा बंद होणारं हवं.

आणि तो शोधायचा कुणी? लाटांमध्ये हातभर लांबीची वस्तू शोधणं किती कठीण असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. रंगाचा डाग तासा-दोन तासांत पसरून फिका होतो. रेडिओ संकेत लाटेआड जातो. जितका उशीर तितकं अल्पायुषी समस्थानिकांचं नुकसान. विमान स्वतःच्या पायांनी धावपट्टीवर येतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

धूळ गोळा करून परत येणाऱ्या रॉकेटचं एक छान उदाहरण किरणोत्साराच्या बाहेरचं आहे. ऑगस्ट १९६२ मध्ये स्वीडनमध्ये क्रोनोगोर्डहून रात्री चमकणाऱ्या उंच ढगांत रॉकेटं पाठवली होती, ८० किलोमीटरच्या वर. लेप दिलेले पृष्ठभाग ढगाच्या पट्ट्यात उघडायचे, बंद करायचे, पॅराशूटने जमिनीवर. ढग असताना एक आणि ढग नसताना एक, अशी तुलनाही केली. तीही जमिनीवर उतरली म्हणून सोपं गेलं, असं माझं मत.

सायंतारा

मग वैमानिक वाचवायचे तर चालकरहित विमान हाच मार्ग ना? आज ड्रोन आहेतच.

ध्रुवमत्स्य

सायंतारा, हेच मला सगळ्यात जास्त सलतं. ते आधीच होतं. १९४६ मध्ये बिकिनीवरच्या ‘क्रॉसरोड्स’ चाचण्यांत रेडिओने चालवलेली रिकामी बी-१७ विमानं ढगातून नेली होती. १९४८ च्या ‘सँडस्टोन’मध्येही तीच पद्धत होती. त्या वेळी लेफ्टनंट कर्नल पॉल फॅक्लर यांचं माणसं असलेलं विमान अनवधानाने ढगात शिरलं, आणि आतल्या कुणाला तत्काळ काही झालं नाही. तिथून विचार फिरला. रिकामी विमानं चालवणं किचकट, ती भरकटतात, माणूस ढगाची योग्य जागा डोळ्यांनी निवडू शकतो. मग माणसं गेली. ब्रिटिशांनीही १५ ऑक्टोबर १९५३ ला ऑस्ट्रेलियातल्या ‘टोटेम’ स्फोटानंतर अवघ्या सहा मिनिटांत कॅनबेरा विमान माणसांसकट ढगात नेलं.

म्हणजे माणूस बाहेर ठेवण्याचा उपाय नव्हता म्हणून माणूस गेला, असं झालं नाही. उपाय हाती होता आणि तो बाजूला ठेवला गेला. रॉकेटच्या अडचणी मी आता पूर्ण समजतो, या धाग्याने त्या शिकवल्या. पण ‘तत्काळ काही झालं नाही’ हे किरणोत्साराच्या बाबतीत पुरेसं कारण कधीच नव्हतं, आणि ते त्या वेळीही माहीत होतं. रेडियमने घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींचे मृत्यू १९२० च्या दशकातले आहेत.

कोऱ्या_वहीतून

+१

पाणकावळा

धागाकर्त्यांच्या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत, फक्त एक भर. परतलेल्या वैमानिकाला विमानाच्या पत्र्याला हात लागू नये म्हणून फोर्कलिफ्टच्या फळीवरून उतरवून घेत. गाळणकागद लांब काठ्यांनी काढून शिशाच्या भांड्यात टाकत. मग ते विमान धुवायला माणसं जात. नळीचं पाणी, ब्रश, साबण. त्यांची नावं कुठल्याच धाग्यात येत नाहीत. रॉकेट असतं तरी शंकू बोटीवर ओढून घेणारा कुणीतरी असताच, आणि गणितवेडा यांच्या हिशोबाप्रमाणे तो शंकू पहिल्या काही तासांत जवळ घेण्याच्या लायकीचा नव्हता.

गणितवेडा

बरोबर. पहिल्या तासात उचललेला शंकू सातव्या तासाला उचलला तर मारा दहापट कमी. पण सात तास तरंगत ठेवला तर पाणी आत. तुमच्या झाकणाच्या कडेवर येऊन सगळं थांबतं.

पाणकावळा

होय. रबराचं कडं, त्यावर धातूची पाचर, आणि आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त. आम्ही असंच करतो. दाब कमी झाला की आत पाणी गेलं हे उघडण्याआधीच कळतं, आणि तो नमुना मोजायचाच नाही.